साठ शब्दांत गेमचा निकाल कसा द्यायचा

तुमचा प्रश्न मला असा समजला: दर महिन्याला तुम्ही सहा नव्या गेम्सवर प्रत्येकी साठेक शब्दांत निकाल, म्हणजे छोटं परीक्षण, लिहिता. वाचकांच्या दोन तक्रारी आल्या. एक म्हणतो, "तुमचं वाचलं की सगळेच गेम सारखे चांगले वाटतात." दुसरा म्हणतो, "सिल्कसाँगला फार कठीण म्हणालात, पण तो पूर्ण खेळलात तरी का?" तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत, की १८ तास खेळून 'लास्ट जज' या बॉसपाशी (वाटेतल्या मोठ्या शत्रूपाशी) अडलात आणि महिना संपला म्हणून लिहून टाकलंत. आता तुमचे प्रश्न तीन: इतक्या कमी शब्दांत गेमला न्याय कसा द्यायचा, गेम संपवल्याशिवाय लिहावं का, आणि गुण द्यावेत का.

मी बारा वर्षं असे छोटे निकाल लिहिते आहे. त्याआधी लांब परीक्षणं लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर लांब लिहिणं सोपं होतं. तिथे सगळं मांडता येतं आणि निवड वाचकावर सोडता येते. छोट्या निकालात निवड तुम्हालाच करावी लागते. तरीही तुमची अडचण शब्दांच्या मर्यादेची आहे असं मला वाटत नाही. साठ शब्द पुष्कळ होतात. आपण उत्तर देत असतो "गेम कसा आहे" या प्रश्नाचं, आणि वाचकाला ठरवायचं असतं "मी हा घ्यावा का" हे. त्यातून तो वाचक आपल्यासारखा नसतो. म्हणून मी एकच कसोटी लावते: ज्याची आवड माझ्याशी अजिबात जुळत नाही, त्यालाही माझ्या चार ओळी वाचून स्वतःचा निर्णय घेता आला पाहिजे. मी डोक्यावर घेतलेला गेम एखाद्याने माझंच वाचून टाळला आणि त्याचा तो निर्णय बरोबर निघाला, तर तो निकाल मी चांगला लिहिला होता.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमचे वाचक मुरलेले खेळाडू असतील तर 'टर्न-बेस्ड' (पाळीपाळीची लढाई) किंवा 'पॅरी' (वेळ साधून वार अडवणं) समजावून सांगण्यात शब्द घालवू नका. नवखे असतील तर त्या शब्दांवाचून लिहावं लागेल. गेम तुम्हाला बाजारात येण्याआधी मिळतो की नंतर, तुमच्याकडे एकच कन्सोल आहे की पीसीही आहे, महिन्यात किती तास मोकळे मिळतात, यावरही बरंच अवलंबून आहे. तुमचे वाचक मिश्र आहेत असं धरून मी पुढचं लिहिते.

आधी तुमचा 'क्लेअर ऑब्स्क्युर'वरचा मजकूर घेऊ. तुम्ही लिहिलंय: "अप्रतिम ग्राफिक्स, हृदयस्पर्शी कथा आणि मंत्रमुग्ध करणारं संगीत. लढाई मजेदार आहे, पण काहींना कठीण वाटू शकते. या वर्षी चुकवू नये असा गेम." आता गेमचं नाव हाताने झाका आणि पुन्हा वाचा. हेच शब्द 'मेटाफर: रीफँटॅझिओ'ला चालतात, 'ब्लॅक मिथ: वुकाँग'ला चालतात, 'एल्डन रिंग'लाही चालतात. नाव झाकल्यावर गेम ओळखू येत नसेल तर त्या ओळीत गेम नाहीच. तिथे फक्त तुम्ही खूश आहात एवढं आहे. वाचकाला सगळेच गेम सारखे चांगले वाटतात ते यामुळे. तुमचं मत पटलं नाही म्हणून नव्हे, तर सहाही मजकुरांत विशेषणं तीच आहेत म्हणून.

मग लिहायचं काय? मी सुरुवात करते ती खेळणाऱ्याच्या हातांपासून. हा गेम खेळताना माणूस मिनिटामागून मिनिट नेमकं काय करत असतो? ग्राफिक्स, कथा, संगीत हे सगळं नंतर. 'क्लेअर ऑब्स्क्युर'मध्ये लढाई पाळीपाळीने होते. आपल्या पाळीत निवांत विचार करून वार निवडता येतो. शत्रूच्या पाळीत मात्र अंगठा बटणावर ठेवून बसावं लागतं. वार अंगावर येतो त्या नेमक्या क्षणी बाजूला व्हायचं किंवा तो अडवायचा. अडवायला वेळ कमी मिळतो, पण सगळे वार अडवले तर उलट फटका देता येतो. ज्याला पाळीपाळीचे गेम नेमके यासाठी आवडतात, की त्यात घाई नसते, त्याने हे वाचलंच पाहिजे. आणि ज्याला असे गेम संथ वाटतात म्हणून तो त्यांच्या वाटेला जात नाही, त्यालाही हेच वाक्य हवं आहे. एकच माहिती दोघांना दोन उलट दिशांना नेते. साठ शब्दांत जागा मिळवायची असेल तर अशी वाक्यं शोधायची.

तोच मजकूर मी असा लिहीन: "दरवर्षी एक चित्रकर्ती आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं धूर होऊन विरून जातात. तिला थांबवायला निघालेल्यांची ही गोष्ट. लढाई पाळीपाळीची, पण शत्रूच्या पाळीतही अंगठा जागा हवा: वेळ साधून वार चुकवावा लागतो. ते जमत नसेल तर सोपी पातळी निवडा, कथेचं काही बिघडत नाही. आतल्या वाटांना लहान नकाशा नाही; रस्ता विसरणाऱ्यांना त्रास होईल. मृत्यूची गोष्ट ऐकायची मनःस्थिती असेल तेव्हाच सुरू करा." यात एकदाही 'अप्रतिम' नाही. तरी मला गेम आवडला हे कळतं, आणि न आवडणाऱ्याला त्याची कारणंही मिळतात.

आता जवळून पाहण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण छोट्या निकालाचा जीव तिथेच असतो. २०२४ मध्ये 'बलात्रो' आला. एका माणसाने बनवलेला, पोकरच्या हातांवर (पत्त्यांच्या ठरावीक जुळण्यांवर) आधारलेला पत्त्यांचा गेम. माझा पहिला मजकूर होता: "व्यसन लागेल असा कल्पक गेम." नाव झाकून वाचला आणि खोडला. मग पहिल्या तासाची टिपणं काढली. त्यात मी एक हिशोब लिहून ठेवला होता. राजांची जोडी खेळली तर जोडीचे १० आणि दोन राजांचे २०, असे ३० चिप्स. त्याला जोडीचा गुणक २, म्हणजे ६०. दुसऱ्या टप्प्यात ४५० करायचे असतात आणि डाव मिळतात चार. प्रत्येक डावात अशीच जोडी लावली तरी २४० होतात आणि खेळ संपतो. पण मधल्या दुकानात एक साधा जोकर घेतला, जो गुणकात फक्त ४ मिळवतो. आता तीच जोडी ३० गुणिले ६, म्हणजे १८० देते. तीन डावांत ५४०. पत्ते तेच, जोडी तीच, आणि हरलेला टप्पा जिंकलेला. 'बलात्रो'चा आनंद या गुणाकारात आहे, आणि असे जोकर दीडशे आहेत.

एवढं हाती लागल्यावर निकाल आपसूक लिहिला गेला: "पत्ते कसे लावायचे हे पोकर ठरवतं, त्यांची किंमत काय, हे जोकर ठरवतात. सगळा खेळ पत्त्यांपेक्षा जोकरांच्या जोडणीचा. आकडे वाढताना पाहून ज्याला आनंद होतो, त्याची रात्र जाईल. पोकर येत नसलं तरी चालतं. हातांची यादी समोरच असते. खऱ्या पैशाचा जुगार यात नाही." शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. पत्ते आणि चिप्स पाहून घरच्यांना शंका येते. युरोपातल्या वयोगट ठरवणाऱ्या 'पेगी'ने या गेमला आधी १८ वर्षांवरचा शिक्का दिला होता आणि आक्षेपानंतर २०२५ मध्ये तो १२ वर आणला. ज्या गोष्टीवरून माणसं गेमच्या दारातूनच परत फिरतात, ती साठ शब्दांत यायला हवी.

पहिल्या तासाची टिपणं ही माझी जुनी सवय आहे आणि तुम्हीही ती लावून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. पाचव्या तासापर्यंत आपण गेमची भाषा शिकून जातो, आणि सुरुवातीला काय कळत नव्हतं तेच विसरतो. नव्या खेळाडूचं सगळं बरंवाईट मात्र त्या पहिल्या तासातच होतं. कुठे अडखळले, कोणतं बटण शोधत बसले, कोणत्या क्षणी पाठ ताठ करून पुढे सरकले, एवढंच लिहून ठेवायचं. मतं लिहायची नाहीत.

कठीणपणाबद्दलही बोलायला हवं, कारण तुमची दुसरी तक्रार त्यातूनच आली. 'कठीण' हा शब्द एकटा लिहू नका. त्याचे प्रकार आहेत आणि माणसागणिक ते वेगळे बोचतात. एक कठीणपणा बोटांचा: वेळेवर बटण दाबणं. एक स्मरणाचा: बॉसच्या चाली पाठ करणं. एक कोड्याचा. आणि एक, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, तो म्हणजे हरण्याच्या किमतीचा: हरलात तर किती मागे जाता, काय गमावता, पुन्हा तिथवर यायला किती वेळ लागतो. माझ्या अनुभवात लोक गेम सोडतात ते बहुतेक या शेवटच्या प्रकारामुळे. बॉसकडून दहा वेळा मार खाणं त्यांना चालतं. दहा वेळा तीच वाट तुडवणं चालत नाही.

'एल्डन रिंग' आणि 'सिल्कसाँग' शेजारी ठेवून पाहा. दोन्हींना सगळे सरसकट कठीण म्हणतात. 'एल्डन रिंग'मध्ये बाहेर पाऊल टाकताच घोड्यावरचा सोनेरी योद्धा दिसतो, ट्री सेंटिनल. नवा खेळाडू त्याच्याशी लढला तर मरतोच. पण लढायची सक्तीच नाही; बाजूने निघून जा, दुसरीकडे ताकद वाढवा, दहा तासांनी परत या. बऱ्याच मोठ्या बॉसजवळ मारिकाचे खांब आहेत, त्यामुळे मेल्यावर तिथूनच पुन्हा उभं राहता येतं. मदतीला आत्मे बोलावता येतात. म्हणजे गेम कठीण आहे, पण कठीणपणा टाळायच्या वाटा त्याने स्वतःच उघड्या ठेवल्या आहेत.

'सिल्कसाँग'चं तसं नाही. सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे जीवाचे पाच भाग. आणि बरेच शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे नेतात. बरं व्हायचं तर नऊ धाग्यांची रीळ भरावी लागते, ती वार करूनच भरते, आणि एका वेळी तीन मुखवटे परत मिळतात. म्हणजे लढायचं धाडस केल्याशिवाय औषध नाही. काही बाकांवर (जिथे बसलं की हरल्यावर तिथूनच पुन्हा सुरुवात होते) बसायलाही गेममधलं चलन मोजावं लागतं. आणि तुम्ही जिथे अडलात त्या लास्ट जजची वाट तर सगळ्यांच्याच लक्षात राहिली आहे: बाकावरून उठा, उड्या मारत, उडणारे शत्रू चुकवत पोहोचा, हरा, पुन्हा बाकावर. वाटा इथेही फुटतात आणि अंगावरची हत्यारंही बदलता येतात, पण 'एल्डन रिंग'सारखी पातळी वाढवून बॉसला सोपं करून टाकण्याची सोय नाही. बनवणाऱ्यांनी पहिल्याच पॅचमध्ये (गेम आल्यानंतरच्या दुरुस्तीत) सुरुवातीचे मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे दोन बॉस थोडे सौम्य केले, म्हणजे टोक जरा तीक्ष्ण झालं होतं हे त्यांनाही जाणवलं असावं. तुम्ही "फार कठीण" लिहिलंत ते चुकीचं नव्हतंच. अपुरं होतं. वाचकाने चिडून "पूर्ण खेळलात का" विचारलं, कारण त्या दोन शब्दांतून त्याला फक्त तुमचा थकवा ऐकू आला.

कठीणपणाच्या शेजारचीच आणखी एक गोष्ट, जी मी जवळजवळ प्रत्येक निकालात बसवते: एक बैठक किती वेळाची. गेम मधेच थांबवता येतो का, हवं तिथे सेव्ह होतो का? 'एल्डन रिंग'ला थांबवायचं साधं बटण नाही. दारावर कुणी आलं, बाळ रडलं, की गेलात. 'बलात्रो' खेळाच्या मधोमध बंद करून दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलता येतो. ज्याच्यावर घरात कुणाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी ही माहिती ग्राफिक्सपेक्षा मोठी आहे. हे लिहायला लागल्यापासून मला जितकी आभाराची पत्रं आली, तितकी कशावरच आली नाहीत.

आता गेम संपवावा का? माझं उत्तर: शक्य असेल तर संपवा, नसेल तर किती खेळलात ते लिहा, आणि जिथवर पाहिलंत तेवढ्याचंच मत द्या. मी एकदा चुकले आहे. एका लांबलचक रोल-प्लेइंग गेमवर वीस तासांनंतर लिहिलं, की तुमच्या प्रत्येक निर्णयाने कथा वळते. वीस तासांपर्यंत ते तसंच दिसत होतं. पुढे सगळ्या वाटा एकाच खोलीत येऊन मिळत होत्या. एका वाचकाने चाळीस तास घालवून मला पत्र लिहिलं, रागाने नाही, दुःखाने. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक निकालाखाली तास असतात, आणि शेवट पाहिला नसेल तर "निर्णय", "कथा", "शेवट" या विषयांवर मी काही बोलत नाही. बटणं, लढाई, चाल यावर वीस तासांत खात्रीने बोलता येतं. कथेवर नाही.

शिवाय 'संपवणं' म्हणजे काय, हेही गेमवर आहे. 'ब्लू प्रिन्स' घ्या. ४५ खोल्यांचा वाडा, रोज सकाळी रिकामा होतो, आणि प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांतून एक निवडून तुम्हीच तो पुन्हा रचायचा. शोधायची आहे ४६वी खोली. ती सापडली की श्रेयनामावली येते, पण गेम तिथे अर्धाही उलगडलेला नसतो. 'अ‍ॅनिमल वेल'मध्ये चार ज्योती मिळवल्या की शेवट दिसतो; त्याखाली ६४ अंडी आहेत, आणि त्याही खाली आणखी थर. उलट 'बाल्डर्स गेट ३' शेवटपर्यंत न पाहता लिहिणं धोक्याचं, कारण २०२३ मध्ये तो आला तेव्हा पहिले दोन अंक आणि शहरातला तिसरा अंक यांच्या घडणीत फरक होता. तांत्रिक अडचणी तिसऱ्यात साचल्या होत्या आणि पुढच्या पॅचेसमध्ये सावकाश दूर झाल्या.

पॅचवरून आठवलं, तारीख आणि मशीन लिहायला विसरू नका. 'सायबरपंक २०७७' १० डिसेंबर २०२० ला आला. आधी परीक्षणासाठी दिल्या गेलेल्या प्रती पीसीच्या होत्या आणि पहिली परीक्षणं कौतुकाची आली. ज्यांनी ती वाचून जुन्या कन्सोलवर गेम घेतला त्यांच्या हाती वेगळीच वस्तू पडली. आठवडाभरात, १७ डिसेंबरला, सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. पुढच्या जूनमध्ये तो परतला, आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर तर त्याचे मूळ नियमच नव्याने बांधले गेले. २०२० चं "घेऊ नका" आणि २०२३ चं "जरूर घ्या", दोन्ही खरी आहेत. फक्त त्यांच्याखाली मशीन आणि आवृत्ती लिहिलेली हवी. एक ओळ जाते, पण ती नसेल तर तुमचा निकाल वर्षभरात खोटा ठरू शकतो, आणि वाचकाला तो खोटा ठरलाय हे कळतही नाही. गेम अजून अपूर्ण असतानाच विक्रीला, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये असेल तर मी निकाल देतच नाही, "आज काय आहे" एवढंच सांगते. 'हेडीस २' मे २०२४ मध्ये तसा आला आणि पूर्ण झाला सप्टेंबर २०२५ मध्ये; मधल्या काळात त्याची हत्यारं, प्रदेश, शेवट, सगळं बदलत राहिलं.

"सगळेच चांगले वाटतात" या तक्रारीवर अजून एक उपाय आहे. तुम्ही दोष शेवटी एका 'पण' मागे लपवता. आधी चार गुण, मग "पण काहींना...". हे 'काही' कोण? त्यांना समोर आणा. मी लिहायच्या आधी स्वतःला विचारते: माझं ऐकून हा गेम घेतला आणि पस्तावला, असा माणूस कोण असेल? त्याचा चेहरा दिसेपर्यंत मी लिहीत नाही. 'स्प्लिट फिक्शन'च्या बाबतीत तो चेहरा लगेच दिसला: एकटा खेळणारा. हा गेम दोघांशिवाय सुरूच होत नाही. म्हणून माझं पहिलं वाक्यच होतं, "जोडीदार ठरवा, मग गेम घ्या." त्यानंतर सांगितलं, की दोघांपैकी एकाकडे प्रत असली तरी पुरते, दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतं. 'ब्लू प्रिन्स'मध्ये पस्तावणारा माणूस म्हणजे ज्याला कोड्याचं उत्तर सापडलं आहे, पण हवी ती खोली आज नशिबात येतच नाही. तिसाव्या दिवशी हे फार जिव्हारी लागतं. आणि गंमत म्हणजे त्या गेमचा मोठेपणाही त्याच नशिबात आहे. खोल्या हव्या तशा मिळाल्या असत्या तर वाडा दोन दिवसांत संपला असता. गुण आणि दोष एकाच मुळातून येतात तेव्हा ते एकाच वाक्यात लिहा. मग 'पण'ची गरज उरत नाही, आणि वाचक स्वतःच ठरवतो की तो कोणत्या बाजूचा.

आणि हो, ज्या महिन्यात एखादा गेम खरोखर वाईट असेल तेव्हा सरळ तसं लिहा. सहा गेम आहेत म्हणून सहाही बरे असले पाहिजेत असं नाही. फक्त बनवणाऱ्यांच्या हेतूवर जाऊ नका. "आळशीपणाने बनवलाय" हे तुम्हाला माहीत नसतं. "तिसऱ्या लेव्हलपासून तेच चार शत्रू परत येतात" हे माहीत असतं. दुसरं वाक्य जास्त लागतंही.

गुणांबद्दल माझं मत ठाम नाही, कारण दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. आकडा वाचकाचा वेळ वाचवतो हे खरं. पण आकडा लेखापासून सुटतो आणि एकटा फिरतो. मेटाक्रिटिकसारख्या परीक्षणं गोळा करणाऱ्या ठिकाणी त्याची सरासरी निघते, आणि त्या सरासरीवर माणसांचं उत्पन्नही ठरलेलं आहे: 'फॉलआउट: न्यू व्हेगस' बनवणाऱ्या ऑब्सिडियनला ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता, मिळाले ८४. हे स्टुडिओच्याच एका सहसंस्थापकाने २०१२ मध्ये सांगितलं. 'युरोगेमर' या गेमविषयक संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण बंद केले आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांच्या रूपात परत आणले. अनुभवी लोकही दोन्हीकडे जाऊन आलेत.

मला सगळ्यात पटते ती जपानच्या 'फामित्सू' या गेमविषयक नियतकालिकाची जुनी पद्धत. एका गेमवर चार जण, प्रत्येकाचे दहापैकी गुण, आणि प्रत्येकाचा इवलासा मजकूर, चारही शेजारी शेजारी. एकूण ४०. पूर्ण ४० पहिल्यांदा १९९८ मध्ये 'झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम'ला मिळाले. लोक ती बेरीज लक्षात ठेवतात, मला मात्र त्या चार मजकुरांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. एकाने ९ दिले आणि एकाने ६, की वाचक लगेच पाहतो यातला माझ्यासारखा कोण. तुम्ही एकटे आहात, चार होऊ शकत नाही. पण तुमच्या साठ शब्दांत निदान दोन माणसं बसवता येतात, घेणारा आणि सोडणारा. तेवढं जमलं तर आकडा द्या किंवा देऊ नका, मला हरकत वाटणार नाही. मी स्वतः देत नाही.

शेवटी तुमचा सिल्कसाँगचा निकाल, मी तुमच्या जागी असते तर कसा लिहिला असता ते देते. तुमचा १८ तासांचा अनुभव यात पुरतो. (हॉर्नेट ही त्यातली नायिका, 'हॉलो नाइट' हा त्याच्या आधीचा गेम.) न पाहिलेल्या गोष्टीवर एक शब्दही नाही.

"हॉर्नेट चपळ आहे, आणि तुम्हीही तितकंच चपळ व्हावं असा गेमचा हट्ट आहे. पाच मुखवटे, बरेच फटके दोन-दोन नेणारे: दोन चुका चालतात, तिसरी नाही. हरलात की बॉसपर्यंतची वाट पुन्हा. हात बसला की मात्र तीच वाट नाचल्यासारखी पार होते. रोज तासभर एकच दार ठोठावायची चिकाटी असेल तर घ्या. आठवड्याला एकच संध्याकाळ मिळत असेल तर आधी 'हॉलो नाइट' खेळून पाहा. खेळलेला वेळ १८ तास, पहिला अंक अपुरा, लास्ट जजपर्यंत. पहिल्या पॅचनंतरची आवृत्ती."